चौदा चिंचोके

माझ्या मोठ्या जाऊबाई, मंगलाबाई, संत्री मोजतात. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. संत्री काय कोणीही मोजेल, असं त्यांना वाटतं. त्यांनी एक दिवस सौंसरच्या पांढुर्णा रोडवर आमच्या शेडमध्ये येऊन बसावं. पुढ्यात ढीग असतो. उजव्या हातात तीन फळं, डाव्या हातात दोन, दोन्ही हात एकदम टोपल्यात रिकामे करायचे, की पाच झाली. असे वीस हात झाले की शेकडा. शेकडा भरला की शेजारच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा, म्हणजे विसरायचं काम नाही. आणि प्रत्येक शेकड्यामागे पाच फळं वरची द्यायची, ती मोजणीत धरायची नाहीत. एखादं दबलेलं निघतं, एखादं वाटेत सडतं, त्याच्यासाठी ही वरची पाच. आता बराच माल वजनानं जातो, पण आमच्या मालकांची जुनी गिऱ्हाइकं अजून मोजूनच माल मागतात. म्हणून मंगलाबाईंचं काम टिकलं.

एकतीस वर्षं झाली त्यांना. मी त्यांच्या शेजारी छाटणीला बसते, डागी फळ वेगळं काढायला. मोजता मोजता त्या कोणाकडे काय भाजी झाली, कोणाची सून माहेराहून आली का, सगळं विचारतात, आणि हात थांबत नाहीत. अकराव्या हाताला कोणी हाक मारली तर ओ देतात, दोन वाक्यं बोलतात आणि बाराव्यावर येतात. एवढ्या वर्षांत त्यांची मोजणी एकदाच चुकली. ती कशी चुकली आणि त्यातून काय झालं, तेच सांगते आहे. आता त्या बऱ्या आहेत, म्हणून सांगताना जीव हलका आहे.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. उजवा गुडघा चार-पाच वर्षं दुखतच होता. तेल लावायचं, शेकायचं, पट्टा बांधायचा आणि कामाला यायचं. संक्रांतीनंतर लोधीखेड्याला आमच्या नात्यात हळदीकुंकू होतं. सतरंजीवर सगळ्या बसल्या, वाण घेतलं, उखाणे झाले. उठायची वेळ आली तर मंगलाबाईंना उठताच येईना. एकदा जोर केला, दोनदा केला. शेवटी दोघींनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं.

"सांभाळून बापा, गोणी भरलेली हाय," त्या स्वतःच म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

परतीच्या बसमध्ये मात्र त्यांनी खिडकीशी जागा धरली. लोधीखेडा मागं गेल्यावर खिडकीकडे पाहतच बोलल्या, "अमिता, मरायची भीती नाही मले. पण दुसऱ्याच्या हातानं उठायचं, दुसऱ्याच्या हातानं मोरीत जायचं, ते नको. सासूबाईचं तीन वर्षं आपण दोघींनीच केलं ना. त्या कशा पाहत होत्या आपल्याकडे, आठवते का?"

मला आठवत होतं.

त्यांची मुलगी वैशाली छिंदवाड्याला असते. तिनं फोनवरून नागपूरच्या दवाखान्यात नंबर लावला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी जाऊबाईंना घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाहिला. म्हणाले, गुडघा बदलावा लागेल, बदलला की चालाल-उठाल. पण वजन शहाऐंशी किलो आहे, ते ऐंशीवर आणा. हृदयाची तपासणी पाहता एवढ्या वजनावर मी भूल देणार नाही. जुलैच्या शेवटी दाखवा. तोवर झालं तर ऑपरेशन, नाही झालं तर पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष म्हणजे तोवर असंच. खुर्चीवरून उठायलाही त्यांना एव्हाना कोणीतरी लागत होतं. संडासला जाताना भासऱ्यांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, दाराबाहेर उभं राहावं लागे. श्रावणभाऊजी विजेच्या खात्यातून रिटायर झालेले आहेत. ते काही बोलत नसत, पेपर घेऊन उभे राहत. पण जाऊबाईंना त्याची लाज वाटत होती.

त्याच दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडम होत्या, हिमानी नाव. वयानं वैशालीएवढ्याच. त्यांनी आधी समजावलं, की कॅलरी म्हणजे अन्नातला जोर, आणि कशात तो किती असतो. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दिवसाला चौदाशे ठेवा. तुमच्या वयाला, वजनाला आणि कामाला एवढं बरोबर आहे. हळूहळू उतरेल, पण उतरेल."

"पक्के चौदाशे?" जाऊबाईंनी विचारलं.

"पक्के."

परतीच्या बसमध्ये त्यांनी डब्यातली भाकरी काढली, अर्धी मोडून मला दिली आणि म्हणाल्या, "चौदाशे म्हणजे नऊशे समज."

"काहून?" मी म्हटलं.

"पहिला आकडा कधी खरा राहते का? एकतीस वर्षं पाहून राहिली मी. बागवाला एक सांगते, व्यापारी एक सांगते, सौदा तिसऱ्यावरच तुटते. मॅडमनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातावरच्या भेगा पाहिल्या आणि दया करून वाढवून सांगितलं. म्हणाली असेल मनात, बिचारी कष्टाची बाई, उपाशी नको राहाले. आपण आपलं खरं समजून घ्यावं."

आता खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. एकादशीला आपण तसंच करतो. कोणी फराळ करतं, कोणी नुसतं पाण्यावर राहतं, आणि पाण्यावर राहणारी जास्त चांगली, असं आपल्या मनात असतं. कमी खाणं म्हणजे जास्त भक्ती. मॅडमनं जेवणाचा हिशोब दिला होता आणि आम्ही दोघींनी त्याचा उपास करून टाकला.

वैशालीनं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात पिझ्झा होता, पण आमच्या हातची ज्वारीची भाकरी नव्हती. जाऊबाईंनी ते दोन दिवसांत बंद केलं आणि शेडमधून चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे शंभर. मॅडमला फोन करून आम्ही मापं बसवली होती. पातळ भाकरीचे दोन. दूध-साखरेच्या चहाचा एक. वाटीभर वरणाचा दीड, तो त्या दोन धरत. भाजीत तेलाची पळी पडली की तिचा एक. सकाळी नऊ चिंचोके एका वाटीत घालून ती वाटी फडताळावर देवाच्या खालच्या फळीवर ठेवायची. जे खाल्लं त्याचे चिंचोके काढून बाजूच्या डब्यात टाकायचे. वाटी रिकामी झाली की तोंड बंद.

"नऊ चिंचोक्यात तर आपली शेळी जगत नव्हती," भाऊजी म्हणाले.

"शेळीले ऑपरेशन नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या.

पहिले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवसापासून मी पाहत होते, कारण आमचं अंगण एक आणि चुली शेजारी शेजारी आहेत. सकाळी चहा, मूठभर पोहे, दुपारी शेडमध्ये एक भाकरी आणि भाजी. संध्याकाळी पाचला घरी येईपर्यंत वाटीत दोन नाहीतर एक उरलेला. मग भाऊजींचा स्वयंपाक. झुणक्याची फोडणी पडली, भाकरी फुगली, की जाऊबाईंचा हात थांबत नसे. एक घास, दोन घास. वाटीकडे पाहायच्या, तिच्यात काहीच नाही. मग त्या वाटी उचलून फळीवर पालथी घालत.

"मोडलं तं मोडलं आज. उद्यापासून पाहू."

वाटी पालथी पडली की मग तीन भाकरी, उरलेला झुणका, सकाळचा भात, वर गुळाचा खडा. मोजायचंच नाही म्हटल्यावर कशाला अडवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले, आणि वाटीत नऊऐवजी आठ.

"काहून आठ?"

"कालचा दंड."

मग आठाचे सात झाले. जेवढे चिंचोके कमी, तेवढी वाटी लवकर पालथी. आधी रात्रीच्या जेवणाला पडायची, मग पाचला शेडमधून आल्या आल्या पडू लागली. मला हे दिसत होतं, पण कळत नव्हतं. मला वाटायचं, यांचा निश्चय कमी पडतो आहे. मी त्यांच्यासाठी शनिवारी मारुतीला तेल वाहायची आणि म्हणायची, बळ दे.

शिवाय एक होतं. कोणाच्या घरी घेतलेल्या चहाला चिंचोका निघत नसे. भाजी चाखली, त्याला नाही. शेडमध्ये फुटलेलं संत्रं तोंडात टाकलं, त्याला नाही. आणि देवाच्या प्रसादाला तर नाहीच. मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "ते वरचं हाय. वरचं कोण मोजते?" प्रसाद मोजायचा हे मलाही पापच वाटत होतं.

महिन्यानं तालुक्याच्या दवाखान्यात काट्यावर उभ्या राहिल्या. साडेशहाऐंशी. अर्धा किलो वरच.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काही खाल्लं नाही. खुर्चीवर बसून म्हणाल्या, "माणसं एवढी पोथ्या वाचून मन आवरतात. मले एक तोंड आवरत नाही. माझ्यातच खोट हाय अमिता."

मग हनुमान जयंती आली. जामसांवलीला झोपलेल्या मारुतीला आम्ही दरवर्षी जातो, आणि महाप्रसाद घेतल्याशिवाय येत नाही. जाऊबाईंनी ठरवलं की सगळे चिंचोके महाप्रसादासाठी राखून ठेवायचे. सकाळपासून बिनसाखरेचा कोरा चहा, बस. वाटीतले सातही तसेच. मला वाटलं, आज तरी जमेल. त्यांनाही वाटलं असणार, कारण ऑटोत बसताना त्या हसत होत्या.

त्या दिवशी गर्दी किती होती ते विचारू नका. ऊन डोक्यावर. दर्शन झालं आणि प्रसादाच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. मी त्यांना म्हटलं, बसा सावलीत, मी तुमचा नंबर धरते. त्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं मी पाहिलं तर मान एका बाजूला कललेली, तोंडाला घाम. मी धावले. कोणीतरी साखरपाणी दिलं. दोन अनोळखी माणसांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं आणि मंडपात नेऊन बसवलं. शुद्धीवर होत्या त्या, सगळं कळत होतं त्यांना. त्या माणसांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तिकडून धर, वजनदार हाय मावशी." वाईट मनानं नाही म्हणाला तो, बिचारा दमला होता. पण जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग प्रसाद आला आणि त्यांनी पोटभर खाल्ला. दोनदा घेतला. घरी येऊन वाटी पालथी घातली.

"मारुतीच्या दारातही मले दुसऱ्यानंच उचललं," त्या म्हणाल्या. "नागपूरला फोन करून सांग, मंगला येत नाही. तारीख दुसऱ्या कोणाले द्या."

"दोन दिवस थांबा," मी म्हटलं.

त्या दोन दिवसांत शेडमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांचा शेवटचा हप्ता चालू होता. मोजणीला एक नवा माणूस आला होता, देवीदास नावाचा, रामाकोन्याचा. चाळिशीचा असेल, आधी कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेला. हात चांगला होता त्याचा, पण टोपलं भरल्यावर वरची पाच टाकताना तो हात आखडायचा. कधी तीन टाकायचा, कधी चार, कधी बारीक फळं निवडून टाकायचा.

जाऊबाई आपले हात मोजता मोजता त्याला बोलल्या, "देवीदास, वरची पाच कुठं हाय?"

"टाकतो ना बाई. पण शेवटी टोपल्यात जागाच नाही राहत. आणि चांगलं फळ फुकट जाते, जीवावर येते."

"म्हणूनच शेवटी नाही टाकायची. पहिले पाच काढून टोपल्याच्या बुडाशी ठेव, मग मोजाले बस. आधी काढली की ती जीवावर येत नाही. ती आपली नव्हतीच. शेवटी काढशील तं रोज भांडण होईल, कधी मालकाशी, कधी स्वतःशी."

एवढं बोलल्या आणि त्यांचे हात थांबले. तीन फळं एका हातात, दोन दुसऱ्या हातात, आणि त्या तशाच बसून राहिल्या. मी मान वर करून पाहिलं.

"कितवा हात होता अमिता?"

मला वाटलं थट्टा करून राहिल्या. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोजणी सुटली होती. त्यांनी ते टोपलं ढिगावर पालथं केलं आणि म्हणाल्या, "माझ्या वाटीत वरचे चिंचोकेच नाहीत."

"म्हणजे?"

"चहा हाय, चाखणं हाय, प्रसाद हाय. हे सगळं रोज होते. होणारच. आणि मी त्याले जागाच नाही ठेवली. नऊचे नऊ पक्के धरले आणि वरचं फुकटचं समजली. टोपल्यात जागा नाही आणि वर पाच टाकायची, मग दुसरं काय होईल?"

मी हातातलं फळ खाली ठेवलं. मला एकदम दुसरंच काही सुचलं, आणि ते म्हणावं की नाही हे कळेना. मग म्हटलं, "बाई, नैवेद्य आपण आधी काढतो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं देवापुढं नाही ठेवत. प्रसादाचा चिंचोका सकाळीच बाजूला काढून ठेवला, तर ते मोजणं नाही होणार. ते देवाचं आधी काढणं होईल."

त्यांनी टोपलं पुढं ओढलं. "हे महिनाभर आधी नाही सुचलं तुले?"

दुपारच्या सुट्टीत आम्ही हिमानी मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. देवीदास डबा खात बसला होता, तोही ऐकत होता.

जाऊबाईंनी सगळं सांगितलं, चक्कर आल्याचंही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, नऊशे कोणी सांगितले तुम्हाला?"

"तुम्ही चौदाशे म्हणाल्या, म्हणून मी नऊशे धरले."

"पण का?"

जाऊबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. "आमच्या धंद्यात पहिला आकडा खरा नसते मॅडम."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मावशी, मी संत्री नाही विकत. मी तुमचं वजन, उंची, वय, काम, सगळं लिहून गणित केलं होतं. चौदाशेच खरे आहेत. आणि आता नीट ऐका. नऊशेवर, सातशेवर राहायचं नाही, चक्कर येणारच. तुमच्यात काही खोट नाही. सात ठरवले की संध्याकाळी मोडणारच, कोणाचेही मोडतील, माझेही मोडतील. मग माणसाला वाटतं, मोडलंच आहे तर खाऊन घेऊ. जे रोज जमेल असं ठरवायचं असतं, आपला सगळ्यात चांगला दिवस धरून नाही ठरवायचं."

"आणि दंड?"

"कसला दंड?"

"आज जास्त झालं तं उद्या कमी."

"अजिबात नाही. उद्या सकाळी पुन्हा चौदा. काल काय झालं ते वाटीला माहीत नसतं."

फोन ठेवल्यावर जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी घाबरले, तर म्हणाल्या, "काही नाही. मले वाटलं, माझ्यातच काही कमी हाय." देवीदासनं आपल्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढं केली. "घ्या बाई, चौदा झाले आता."

"माझी मी आणली हाय," त्या म्हणाल्या, पण हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून वाटीत चौदा चिंचोके. सकाळी अंघोळ करून दिवा लावला की त्यातले दोन त्या आधी काढत आणि देवापुढच्या छोट्या ताटलीत ठेवत. हे वरचे. शेजारचा चहा, चाखणं, प्रसाद, सगळं यातून. उरलेले बारा दिवसभरासाठी. ताटलीतले संध्याकाळी उरले तर उरले, दुसऱ्या दिवशी त्याचे चार होत नसत. आणि वाटी पालथी घालायची नाही, हे भाऊजींनी आपल्या अंगावर घेतलं. एकदा कैरीच्या लोणच्याच्या दिवशी बारा संपून तीन वर झाले, जाऊबाईंचा हात वाटीकडे गेला, तर भाऊजी पेपरामागून म्हणाले, "राहू दे सरळ. वाटीनं काय केलं तुझं?"

पहिले पंधरा दिवस काटा हललाच नाही. मला धाकधूक होत होती, कारण जास्त खाऊन वजन उतरेल हे माझ्याही गळी उतरत नव्हतं. जाऊबाई मात्र निवांत होत्या. संध्याकाळी झुणका-भाकरी पानात घेऊन, समोर बसून, हळूहळू खात. कितीतरी दिवसांनी मी त्यांना चवीनं खाताना पाहत होते. मेच्या मध्यावर पंचाऐंशी झालं. जूनमध्ये साडेत्र्याऐंशी.

मध्येच त्यांनी पुन्हा सौदा करून पाहिला. "आता उतरून राहिलं, तं अकरा करू का? लवकर होईल."

"नाही," मी म्हटलं.

"बारा?"

"बाई, मी बागवाला नाही आणि तुम्ही व्यापारी नाही."

"तू लई शिकली," त्या म्हणाल्या, पण चौदाच राहिले.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही नागपूरला गेलो. सकाळी निघताना मी देवापुढं हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. जे करायचं होतं ते त्यांनी केलं होतं. दवाखान्यात हिमानी मॅडमच्या खोलीत काटा होता. जाऊबाईंनी चपला काढल्या, बांगड्यांकडे पाहिलं, त्या राहू दिल्या, आणि काट्यावर उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले होते.

"ऐंशी पॉइंट चार," मॅडम म्हणाल्या.

मी डोळे उघडले. चारशे ग्रॅम वर.

जाऊबाई काट्यावरून न उतरता म्हणाल्या, "मॅडम, बारदान वजा नाही केलं."

"काय नाही केलं?"

"पोतं. मालाच्या वजनातून पोत्याचं वजन काढावं लागते. हे नऊवारी हाय, जाडं हाय. अर्धा किलो तं असेलच."

मॅडम हसत हसत त्यांना धरून उतरवू लागल्या आणि म्हणाल्या, "चला, डॉक्टरांना हेच सांगा." डॉक्टरांना ते कळलं की नाही देव जाणे. त्यांनी कागद पाहिले, हृदयाची नवी तपासणी पाहिली, तीही सुधारली होती. म्हणाले, "चारशे ग्रॅमसाठी कोणी थांबत नाही. ऑगस्टच्या अकरा तारखेला भरती व्हा."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. त्यांनी पिशवीतून डबा काढला, भाकरी मोडली आणि अर्धी मला दिली. मार्चमध्ये दिली होती तशीच.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभ्या राहिल्या. दुखलं खूप, ते लपवून काय उपयोग. दसऱ्यापर्यंत घरातल्या घरात चालायला लागल्या. आता त्यांना खाली बसून मोजता येत नाही, डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलं आहे. मालकांनी ढिगाशेजारी उंच पाट टाकून दिला आहे. खालचं टोपलं देवीदास भरतो, आणि शेकडा कमी पडला की त्या वरून सांगतात. बुडाशी पाच आधी टाकायला तो आता विसरत नाही. वाटी अजून फळीवर आहे, सरळ.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही जामसांवलीला गेलो. गर्दी कमी होती. दर्शन झालं, प्रसाद घेतला, आणि मंडपाच्या कडेला बाकावर बसलो. मी मनात मारुतीला म्हटलं, बळ दे म्हणून मागत होते, तू तर ते आधीच दिलं होतं. आमची मापंच चुकली होती.

ऊन कलल्यावर मी म्हटलं, "चला बाई, ऑटो सुटेल." आणि सवयीनं उभी राहून त्यांच्यासाठी हात पुढं केला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग प्रसादाची पिशवी त्या हातात दिली, बाकाच्या कडेला दोन्ही तळवे टेकले, आणि उठल्या.